चाचांची चार बोटं

अहमदपूरपासून नांदेडपर्यंत आमच्या व्हॅनवाल्या चाचांइतका घाबरट ड्रायव्हर मी पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका भरवशाचाही. ड्रायव्हर बेफिकीर असावा लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा चाचांच्या शेजारी बसून लोह्यापर्यंत जावं. चढ दिसला की ते आधी रेडिओ बंद करायचे, मग बोलणं, मग बहुधा श्वाससुद्धा. व्हॅन लांबलचक, जुनाट, माझ्या मास्तरकीपेक्षा वयानं मोठी. चाकाखाली लावायचा दगडही ते घरून आणत. पोत्यात गुंडाळून तो सीटखाली ठेवलेला असे, आणि त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. "चाचा, रस्त्यावर दगडांची काय कमी?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्या दगडाची वळख न्हाई सर. वळख नसलेल्यावर भरोसा कसा करायचा?"

गाडी किती वजन घेते, हे दारावर रंगवलेलं होतं. चाचांचा त्या आकड्यावर काडीचा विश्वास नव्हता. "ते गाडीच्या जवानीतलं हाय. जवानीत मी पन जवारीचं पोतं एका दमात उचलत होतो. आता उचलू का?" असं ते इतक्या कळवळून विचारत, की जणू पोतं मीच त्यांच्यापुढे आणून टाकलंय. त्यांचं माप वेगळं होतं. सामान चढलं, माणसं बसली, की ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसत आणि टायर अन् वरचा पत्रा यांच्या फटीत चार बोटं घालून बघत. चार गेली तर बिस्मिल्ला. तीनच गेली तर कुणीतरी खाली. मग तो कोण आहे, हे पाहायचं नाही. माझ्या मेव्हणीच्या लग्नात त्यांनी नवरीच्या सख्ख्या मामाला फेट्यासकट उतरवलं होतं. मामा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, एका हातानं फेटा धरून मांडवात पोचले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत; चाचांशी मात्र बोलतात.

माझ्या लेकीला नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा हजर व्हायच्या शेवटच्या दिवशी आम्ही निघालो. मूळ कागद मिळायलाच उशीर झाला होता. पाचच्या आत पोचलो नाही तर सीट जाणार. गाडीत गादी, कूलर, पुस्तकांच्या पेट्या, लेक, बायको, सासूबाई आणि मी. चाचांनी बोटं घातली. चार. वाटेत मी घड्याळाकडे बघत होतो आणि चाचा आरशाकडे. लोह्याच्या अलीकडे एका चढापाशी ते थांबले, उतरले, इंजिनाचा वास घेतला आणि पुन्हा चाकापाशी बसले. खड्ड्यांनी चाकावरचे स्प्रिंगचे पाटे दबले होते. तीनच बोटं गेली.

साडेतीन वाजून गेले होते. "चाचा, आज तरी राहू द्या! पोरीची सीट जाईल!" मी जवळजवळ ओरडलोच.

"जाऊ नये म्हनूनच बोलून राहिलो सर. उतरा. समद्यात वजनदार तुमीच हाव."

सासूबाईंना इतकं मनापासून हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तो चढ मी घामाघूम होऊन, चाचांना मनातल्या मनात नको ते बोलत चढलो. वर गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती, चाकाखाली ओळखीचा दगड. पाचला वीस मिनिटं असताना आम्ही कॉलेजच्या फाटकात होतो. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जा बेटा, घाबरू नको. घाबरायला मी हाय."

चार वर्षांनी, यंदा, तिचं सामान परत आणायला आम्ही दोघंच गेलो, चाचा आणि मी. मधल्या काळात साखरेच्या आजारानं चाचा पार वाळले होते. सामान दुप्पट झालं होतं. ते गुडघ्यावर हात टेकत चाकापाशी बसले, बोटं घातली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघा सर, चार! अजून वजन घेती माझी बुढी!"

मी वाकून पाहिलं. गाडी त्या दिवसापेक्षाही जास्त बसली होती. चाचांच्या बोटातली अंगठी घसरू नये म्हणून तिला दोरा गुंडाळलेला होता. लेकीनं त्या फटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता ती इंजिनिअर होती; तिनं वाकून चाचांना उठायला हात दिला.

परतताना चढ आला. चाचांनी रेडिओ बंद केला. मी म्हणालो, "चाचा, जरा थांबा. पाय अवघडलेत, चालत येतो."

"चार बोटं हायत की सर!"

"बोटं आहेत हो. पायच अवघडलेत."

लेकही पुस्तकांची बॅग पाठीला लावून उतरली. गाडी कण्हत वर गेली आणि आम्ही तिच्यामागे. वर पोचलो तेव्हा चाचा चाकाखालचा दगड काढत होते. दोन्ही हात लावूनही तो त्यांना उचलेना. मी पुढे झालो. माझ्याकडे न बघता ते बाजूला सरकले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो दगड मला उचलू दिला. तो काही फार जड नव्हता.