केनवडला घेतलेला रडण्याचा सीन

"अवं रड नं वं पोरी, रड! दाबून ठेवलं त माणूस पागल होते!"

आत्या माझ्या गळ्यात पडून ओरडत होती. माझ्या बापाची ही थोरली बहीण केनवडच्या बाजारात बोलली तर रिसोडच्या स्टँडवर एसटी थांबते, आणि आता तिचं तोंड थेट माझ्या कानाशी होतं. समोर कॅमेरा चालू. टोरंटोहून माझ्यासोबत आलेल्या कॅमेरामनला मराठीचं अक्षरही कळत नव्हतं. तो "कट, कट" म्हणत राहिला. कोणी ऐकलं नाही.

टोरंटोत मी नटी आहे. म्हणजे इतक्या सिनेमांत मेले आहे की तिथल्या स्मशानांनी मला सून करून घ्यावं. उरलेल्यांत फरशी पुसली. स्वतंत्र सिनेमा म्हणतात त्याला. प्रेक्षक म्हणजे दिग्दर्शक, त्याची मावशी आणि थंडी वाजली म्हणून आत शिरलेला एखादा. बोलायला धड वाक्य कोणी देईना, म्हणून मीच लिहायला लागले. हा पूर्ण माझा पहिला सिनेमा: बाप गेल्यावर परदेशातली मुलगी उशिरा गावी येते, दारात बाया गळ्यात पडतात, ती रडते.

डोकं फार चालवावं लागलं नाही. माझा बाप गेला तेव्हा माझे तिथले कागद अडकले होते. देश सोडला असता तर परत आत घेतलं नसतं. आले नाही. रडलेही नाही. सिनेमात तरी रडेन, असं वाटलं होतं.

आत्याला बजावलं होतं, हे खोटं-खोटं आहे. "हो वं, समजलं," म्हणाली आणि तिने थेट धनजपर्यंतच्या नातेवाइकांना फोन लावले. आमच्याकडे मयतीनंतर पोरगी पहिल्यांदा दारात आली की बाया तिच्या गळ्यात पडून रडतात. माझं ते राहिलं होतं. टेम्पो भरून बाया उतरल्या. कॅमेऱ्याकडे एकीनेही पाहिलं नाही.

"माह्या भावाले शेवटी पोरीचं तोंड नाही दिसलं वं!"

एक सुटली की दुसरी गळ्यात. माझा खांदा पिळला असता तर मिरचीचा वाफा भिजला असता. आत मात्र काहीच हललं नाही. लाईट लावायच्या वेळी नटीच्या जागी कोणाला तरी उभं करतात ना, तशी मी उभी होते.

शेवटी पाठ फिरवून डोळ्यांत ग्लिसरीन घातलं. धार लागली.

"हां! आता कसं!" आत्या म्हणाली. कॅमेरामनने अंगठा दाखवला. बाया नाकं पुसत चहाला बसल्या.

आई एवढा वेळ आत चहाच गाळत होती. मी तिच्याजवळ गेले.

"आई, मले रडू नाही आलं. ते औषध व्हतं."

तिने गाळणी झटकली.

"मलेई नाही आलं," ती म्हणाली. "तोंड धू. डोये झोंबतीन."