हात निवेपर्यंत

माझ्या नणंदेला आमच्या ख्रिस्ती मंडळीत सगळे आत्याच म्हणतात. पाळकसुद्धा, आणि ते तिच्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत.

छत्तीस वर्षं तिने दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री केली. रविवारीसुद्धा सकाळची पाळी उरकून ती थेट देवळात यायची. अंगाला वाफेचा वास आणि उजवा तळहात असा कढत, की थंडीत माझी पोरं तो ओढून गालाला लावायची.

उपासनेत आम्ही आधी गप्प बसतो. चुकलंमाकलं ज्याचं त्याने देवाला सांगायचं, मागायचं ते मागायचं. मग कुणीतरी स्तुतीचं गाणं उचललं की सगळे उभे राहतात. ते उचलणं आत्याचं काम. पेटी मागून येते. घड्याळाकडे ती कधी बघायची नाही. हात मांडीवर उताणा ठेवायची आणि तो निवला की गायला लागायची.

"तापल्या हाताने स्तुती केली तर देवाला चटका बसेल," म्हणायची. हसून म्हणायची, पण खरंच मानायची.

मग ती निवृत्त झाली. पुढच्याच रविवारी पाळक म्हणाले, "शांत राहू या," आणि आम्ही डोळे मिटतो न मिटतो तोच आत्याचा सूर लागला. हात घरूनच गार आलेला ना! माझं मागणं थोरल्याच्या नोकरीपर्यंत आलं होतं, धाकटे दोघे तसेच राहिले. पुढे हसत मी तिला हे सांगितलंही.

दारात पाववाल्याची बायको थांबली होती. नवऱ्याला पुरून तिला तीन आठवडे झाले होते.

"आत्या, माझं अजून व्हायचं होतं हो," एवढंच म्हणाली आणि गेली.

घरी येऊन आत्या जेवायला बसेना. "वहिनी, आता मी गाणं नाही उचलायची. उचलू दे पेटीवाल्याला."

"तो? तो भूक लागली की उचलेल."

"मग उचलू दे. मला आता कळतच नाही कधी झालं ते."

मी म्हटलं, "रविवारी सकाळी घरीच इस्त्री तापव आणि मग चल."

बाईने खरंच मनावर घेतलं! पहाटेपासून माझ्या साड्या झाल्या, ह्यांचे सदरे झाले, शेवटी पायमोजेही सुटले नाहीत. पायमोज्यांना घडी पडलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. पण देऊळ वीस मिनिटांवर, पोचेपर्यंत हात गार तो गारच.

तोंड पाडून ती मागच्या एका बाकावर गेली. जागा उरली होती ती नेमकी पाववाल्याच्या बायकोशेजारी. मी त्यांच्या मागे.

पाळकांनी शांत राहायला सांगितलं. थोड्या वेळाने पेटीवाल्याने खाकरून आत्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही. मग तिने शेजारणीचा हात हातात घेतला. नंतर मला सांगत होती, "बर्फ गं वहिनी. नुसता बर्फ."

तो हात तिने दोन्ही तळव्यांत धरून ठेवला. कुणी चुळबुळलं, कुणी खोकलं. मी तिन्ही मुलांचं करून सुनांवर आले, तरी शांतताच. ती बाई आधी रडली, मग तेही थांबलं. पाळकांनी एक डोळा उघडून पाहिला आणि मिटला. शेवटी पाववाल्याच्या बायकोने बोटं आवळली आणि म्हणाली, "आत्या, झालं माझं. उचला."

आणि आत्याने असं उचललं की पेटीवाल्याची बोटं अडखळली! मी गुडघ्यांचं दुखणं विसरून उभी राहिले. आत्याशेजारची ती बाईही उभी राहिली. तिचा आवाज चिरका होता, पण गात होती, शेवटच्या ओळीपर्यंत.

आता दर रविवारी आत्या नव्या बाकावर बसते. ज्याचा हात गार त्याच्याशेजारी. उपासना कधी दहा मिनिटं लांबते, कधी वीस. पेटीवाला भुकेला असला की खिशात हात कोंबून ऊब आणून ठेवतो, निदान त्याच्यापायी तरी उशीर नको.

मी विचारलं, "माझ्याजवळ का नाही गं बसत कधी?"

"तुझा हात म्हणजे चहाचा कप," ती म्हणाली. "तुझ्याजवळ बसले तर निवृत्तीनंतरच्या त्या रविवारसारखं लगेच उचलायचे. आणि धाकटे दोघे पुन्हा राहायचे."