खंडेनवमीची मशीनं

खंडेनवमी, बुधवार. चाकण, सकाळची पाळी. हजर : लाइनचे सुपरवायझर सुहाससर, ऑपरेटर मंदार, ऑपरेटर नीलेश आणि तिसरी ऑपरेटर मी.

मंदारने चिंध्यांची पिशवी माझ्या पायाशी टाकली. हातात नाही. पायाशी.

"ताई, माझं मशीन पुसून घ्या. नील्याचंही. आम्ही हार-नारळाचं बघतो."

"आपापलं मशीन आपण पुसायचं ना?"

"अहो, तुमच्यात पूजा नसतेच. मग आज तुम्हाला काम काय?"

नीलेश हसला. "आणि ताईंच्या हाताने काय चमकतं राव! रक्तातच असतं ते."

सुहाससर तिथेच होते. त्यांनी ऐकलं. फोनमध्ये बघत राहिले.

तीन सीएनसी मशीनं, तिघे ऑपरेटर. ट्रेनिंग सारखं, काम सारखं. खंडेनवमीला मात्र मी एकटी गुडघ्यांवर. मशीन थंड ठेवणारं, काळं पडलेलं कूलंट उपसायचं. लोखंडाचा कीस खरवडायचा, तो नखांत घुसतो. मशीन चकाकलं की त्यांच्या बायका ताटं घेऊन येणार. कुंकू, नारळ, फोटो. फोटोत मी नाही. "जरा मागे व्हा, हात तेलकट आहेत तुमचे." एका वर्षी मी कोपरापर्यंत साबण लावून हात धुऊन आले. तरी तेलकटच. पेढा वरून सोडला. माझ्या तळहाताला बोट लागू नये इतक्या वरून.

त्याच संध्याकाळी निगडीहून नागपूरची गाडी सुटते. आमच्या वस्तीतली माणसं दसऱ्याला दीक्षाभूमीवर पोचतात. मी दरवर्षी यांची मशीनं पुसत थांबायचे. गाडी निघून जायची. आईने सत्तरी ओलांडली, गुडघे गेले. त्या दिवशी सकाळी डबा भरताना ती म्हणाली होती, "आवंदा तरी नेतीस का गं? म्होरल्या साली माझ्यानं व्हईल का न्हाई."

मी पिशवी उचलली. मंदारच्या मशीनवर ठेवली.

"मंदारभाऊ, माझं मशीन पुसून झालंय. तुमचं तुम्ही पुसा. साडेतीनला पाळी संपली की मला जायचं आहे."

आवाज चढवला नाही. भाऊसुद्धा म्हटलं.

"बघा सर! डोक्यावर चढवून ठेवलंय यांना."

आता सरांनी फोन खिशात टाकला. "ताई, टीमवर्क म्हणून काही असतं. सणाच्या दिवशी नाट लावू नका. अशाने तुम्हाला मशीनवर ठेवता येणार नाही. विचार करा."

"केला, सर."

साडेतीनला बाहेर पडले. गाडी मिळाली. दीक्षाभूमीवर आई रडली नाही. पदर नीट केला आणि ताठ उभी राहिली. त्याच गेलेल्या गुडघ्यांवर.

सुट्टी संपवून आले, तर माझ्या मशीनवर दुसराच माणूस. मला पॅकिंगला टाकलेलं. आणि मंदारचं मशीन? न पुसताच हार घातला होता त्याला. झेंडू तेलाने काळा पडलेला. कुंकू कूलंटमध्ये ओघळलेलं. देवासाठीसुद्धा त्याने चिंधी हातात धरली नव्हती.

सुहाससर जवळ आले. आवाज गोड.

"तुमच्यामुळे राहिलं ते. आता पुसून टाका आणि उद्यापासून या परत मशीनवर. विषय संपला."

नीलेश ओरडला, "घ्या ताई, सरांनी माफ केलं!"

लाइनवर हशा झाला. माझे कान तापले. मग एकदम सगळं थंड, स्वच्छ झालं. माझंच मशीन मला परत देणार, आणि त्याची किंमत म्हणून मी पुन्हा गुडघ्यांवर.

"नाही, सर. ते मशीन मी पुसणार नाही. आणि माझं मशीन सोडणारही नाही. मला मशीनवरून का काढलं, ते लिहून द्या."

हसणं थांबलं. सर निघून गेले.

मी अजून पॅकिंगलाच आहे. खोकी चिकटवते. रोज पाळी सुरू होताना सरांसमोर उभी राहते आणि लेखी कारण मागते. उद्याही मागणार. ते देईपर्यंत मागणार.

मंदारचं मशीन अजून पुसायचं आहे. मंदारने.