फळीवरचं गाव

लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा आमच्या सेक्टरमधल्या घरांना आकडे होते, रस्त्यांनाही आकडेच होते, आणि रस्त्याकडेची झाडं गुडघ्याएवढीसुद्धा झाली नव्हती. एका ओळीतलं घर दुसऱ्या ओळीतल्या घरासारखंच दिसे. तोच पिवळा चुना, तोच हिरवा दरवाजा, मागे तेवढंच अंगण. पहिल्या महिन्यात मी स्वतः दोनदा दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवली होती.

माझं माहेर गोंदियाकडचं. वडील रेल्वेत गँगमन. त्यांनी नागपूरला दीक्षा घेतली, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी मॅट्रिक झाले. आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. यजमान रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचे. शिक्षकांची एवढी गरज होती, की आल्यावर चारच महिन्यांत मला प्राथमिक शाळेत नोकरी मिळाली. टिनाच्या शेडमधली शाळा, तिसरीचा वर्ग, पन्नासेक मुलं. शिकवायचं हिंदीतून, पण मुलं घरून तेलुगू, बंगाली, पंजाबी, उडिया, छत्तीसगढी, मराठी घेऊन यायची. सगळ्यांत कच्ची हिंदी माझीच होती, हे मुलांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं.

पुढचं सगळं सुरू झालं ते एका दुपारी हरवलेल्या मुलीमुळे. ही आठ वर्षांची तेलुगू मुलगी आंध्रातून येऊन आठवडाही झाला नव्हता. शाळा सुटून दोन तास झाले तरी ती घरी पोचली नाही, म्हणून तिची आई धावत शाळेत आली. मी आणि आमचे बडे गुरुजी, म्हणजे हेडमास्तर, एकेक ओळ शोधत निघालो. तीन रस्ते सोडून एका पंजाबी बाईच्या मागच्या अंगणात ती रोटी खात बसलेली सापडली. आपलंच घर समजून ती आत गेली होती, आई दिसली नाही म्हणून वाट बघत बसली होती. पंजाबी बाई रेशन घेऊन परतली तर घरात परकी पोर. तिचं बोलणं काही कळेना, म्हणून बाईनं आधी तिला जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, “चुकून दुसऱ्याच्या घरात कोण कोण गेलंय?” अर्ध्या वर्गानं हात वर केले. थोडं थांबून मीही केला. मुलं खूप हसली.

त्याच सुमारास वरच्या ऑफिसातून एक परिपत्रक आलं. वर्गात मुलांकडून काही नवीन करवून घ्यायचं असेल तर शिक्षकानं एका पानावर लिहून द्यावं, पसंत पडलं तर सामानासाठी पंचाहत्तर रुपयांपर्यंत मदत मिळेल. बडे गुरुजींनी ते वाचून दाखवलं आणि खिळ्याला अडकवलं. आठ दिवस तो कागद वाऱ्यानं फडफडत होता.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट घोळायला लागली होती. सगळा सेक्टर मुलांनीच एका मोठ्या फळीवर उभा करायचा. रस्ते पावलांनी मोजायचे, आपापलं घर हातानं बनवायचं. म्हणजे दिशा, अंतर, नकाशा सगळं शिकून होईल आणि मुलं घरीही नीट जातील. पण नोकरीचा अर्ज सोडला तर मी आयुष्यात कुणाकडे काही लेखी मागितलं नव्हतं.

संध्याकाळी मी यजमानांना म्हटलं, “मले जमन का हे? हिंदीत लिहा लागते.”

ते पायातले जड बूट काढत होते. “कावून नाही जमन? लिहून पाय न. नाही म्हनतीन त नाही म्हनतीन. आपलं काय जाते?”

“हसतीन मले.”

“हसू दे. मी पयल्या दिवशी क्रेनवर चढलो त खालचे सारे हसूनच राहिले होते.”

मी अर्ज लिहिला. तो परत आला, वर शाईनं एकच प्रश्न लिहिलेला: इससे बच्चे क्या सीखेंगे? मी पुष्कळ विचार केला, भूगोलाच्या पुस्तकातले मोठे शब्द आठवून पाहिले, आणि शेवटी लिहिलं, घर का रास्ता. पंधरा दिवसांनी मंजुरी आली. मागितले होते तेवढे नाही, साठ रुपये. बडे गुरुजींनी तो कागद माझ्या हातात देताना दोनदा वाचला. “बहनजी, सच में दे दिए,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंदापेक्षा आश्चर्य जास्त होतं.

परदेशातून मशिनी यायच्या त्या खोक्यांच्या फळ्या तेव्हा लिलावात निघायच्या. आम्ही एका सुताराकडून तसल्या फळ्या घेऊन जोडून घेतल्या. त्यांवर काळी रशियन अक्षरं होती. बंगाली मुलं म्हणाली, हे तेलुगू आहे. तेलुगू मुलं म्हणाली, उडिया आहे. उडिया मुलांनी ते सरळ पंजाबीवर ढकललं. रंग आणले, डिंक आणला, एक लांब मोजपट्टी आणली. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही रस्त्यांवर पावलं मोजत फिरायचो. पावलांची संख्या दर मुलाची वेगळी येई आणि त्यावरून भांडणं होत. म्हणून मग एकाच मुलीची पावलं सगळ्यांनी खरी मानायची ठरवली, आणि ती मुलगी महिनाभर राणीसारखी चालली.

घरं माचिसच्या डब्यांची केली, आणि मग पंचाईत झाली. फळीवरही सगळी घरं सारखीच दिसायला लागली. “हे तुझंच कशावरून?” मी एकाला विचारलं. दुसऱ्या दिवशी सगळे आपापलं दार नीट बघून आले. पंजाब्याच्या घरामागे मातीचा तंदूर आला, तेलुगूंच्या दारात पांढरे ठिपके आले, कुणाच्या खिडकीत पोपटाचा पिंजरा आला. माझ्या घराला मुलांनी निळा कागदाचा झेंडा लावला. खरा झेंडा आम्ही एप्रिलात भीमजयंतीला लावला होता, तो अजून दारावर होता, हे मी सोडून सगळ्यांनी पाहिलं होतं.

एक मुलगी मात्र काहीच करत नव्हती. ती छत्तीसगढी होती. तिची आई ठेकेदाराकडे रेजा होती, म्हणजे बांधकामावर विटा-माती वाहायची. ती खुर्सीपारच्या बाजूच्या झोपड्यांतून रोज आईबरोबर पायी यायची. शाळा कारखान्यातल्या लोकांच्या मुलांसाठी होती, पण जागा होती म्हणून बडे गुरुजींनी तिला बसवून घेतलं होतं. ती डिंक ढवळायची, दुसऱ्यांचे डबे धरून द्यायची. मी म्हटलं, “तुझं घर?”

“मोर घर ए मा नइ हे,” ती म्हणाली. माझं घर यात नाही. मग तिनं फळीवर एका जागी बोट ठेवलं. “हमर गाँव इहें रहिस. इहाँ तरिया रहिस.”

आमचं गाव इथंच होतं, इथं तरिया, म्हणजे तळं होतं. तिचं बोट आमच्या सेक्टरच्या बरोबर मध्यावर होतं, जिथं दोन ओळींची घरं आम्ही आदल्याच दिवशी मांडली होती.

मी चार वर्षं त्या जमिनीवर राहत होते, आणि माझ्या आधी तिथं कुणी राहत असेल हे मनातही आलं नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं, “उद्या आईला जेवणाच्या सुट्टीत घेऊन येशील?”

आई आली. डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन दाराशीच उभी राहिली, वर्गात पाय ठेवायला लाजत होती. मी तिला हाताला धरून फळीपाशी आणलं. आधी ती नुसतीच बघत राहिली. मग तिचं बोट हळूहळू फिरायला लागलं. इथं पाटलाचं खळं. इथून गाई जायच्या. हा पिंपळ आहेच, तोडला नाही, त्याच्या उगवतीला आमचं घर. इथं तळं, आणि इथून त्यात पाणी यायचं. या सेक्टरमधल्या कितीतरी घरांच्या विटा तिनं स्वतः वाहिल्या होत्या. मी विचारलं, “तू नाही कधी रस्ता चुकलीस?” तिला प्रश्नच समजला नाही. मुलीनं समजावून सांगितल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली. आपल्या गावात कोण रस्ता चुकतं?

त्या दुपारी मुलांनी तिला सोडलंच नाही. पिंपळ कुठे दिसतो त्यावरून घर कसं शोधायचं, जमीन कुठे उतरते, कुठे चढते, हे तिनं तिच्या भाषेत सांगितलं आणि मुलीनं हिंदीत केलं. कामावर परत जायला तिला उशीर झाला, म्हणून बडे गुरुजी स्वतः मुकादमाला सांगायला गेले.

पण तळं दाखवायची वेळ आली तेव्हा तेच अडले. “बहनजी, जो है वही दिखाइए. अफसर देखने आएँगे. पैसा उनका है.” ते वाईट माणूस नव्हते, घाबरले होते. मीही घाबरले होते. घरी आल्यावर मी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तिथं तळं होतं, हे खरं हाय न?”

“हो.”

“मंग पोरायले खोटं कावून शिकवून राहिली?”

आम्ही फळीच्या मधल्या भागातली घरं सोडवली. खाली मुलीनं आपलं गाव रंगवलं, निळं तळं, काठाला म्हशी, खळं, आपलं घर. मग वर माचिसची घरं पुन्हा ठेवली, पण चिकटवली नाहीत. ज्याला खालचं बघायचं असेल त्यानं उचलून बघावं.

अफसर आले. ते घरबांधणी खात्यातले इंजिनियर होते, उंच, कमी बोलणारे. मुलांनी आपापली घरं दाखवली, ते मान हलवत गेले. त्या मुलीपाशी आले तेव्हा तिनं चार घरं उचलली. बडे गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले.

इंजिनियर वाकले. “यहाँ तालाब था?”

“जी.”

“कितना गहरा?”

“दाई बूड़ जाए, अतका.” आई बुडेल एवढं.

“पानी किधर से आता था?”

तिनं बोटानं ओळ काढून दाखवली. ते गुडघ्यावर बसून ती ओळ बघत राहिले, मग खिशातून डायरी काढून काहीतरी लिहून घेतलं. त्या दोन ओळींतल्या घरांत पावसाळाभर पाणी साचतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. का साचतं, ते कुणी तिथल्या जुन्या माणसाला विचारलं नव्हतं. जाताना ते मला म्हणाले, “अच्छा काम है. इसे सँभालकर रखिए.” मग त्या मुलीलाही त्यांनी हात जोडून नमस्कार केला. तसं कुणी मोठ्या माणसानं तिला पहिल्यांदाच केलं असावं. ती परत नमस्कार करायची विसरली.

उन्हाळ्यात त्या ओळींच्या मागून एक खोल नाली खणायला सुरुवात झाली. ती डायरीतल्या ओळीमुळे की आधीच ठरलेली होती, आम्हाला कुणी सांगितलं नाही. मी एक दिवस बघायला गेले, तर मुलीची आईच तिथे मातीचं घमेलं उचलत होती. मी म्हटलं, बघ, तुझ्या सांगण्यानं झालं. ती म्हणाली, “महीं तो खनत हंव, बहिनजी.” मीच तर खणतेय. आणि हसली.

त्या पावसाळ्यात पाणी कमी साचलं. अजिबात साचलं नाही असं मी म्हणणार नाही.

ती मुलगी पाचवीपर्यंत आमच्याच शाळेत शिकली. पुढच्या शाळेचा फॉर्म मी आणि बडे गुरुजींनी मिळून भरला. ‘राहण्याचा पत्ता’ या रकान्यात जुनं गाव लिहायचं की आताची झोपडी, यावर आमचा थोडा वाद झाला. तिनं तो फॉर्म ओढून घेतला आणि आपल्या अक्षरात लिहिलं, खुर्सीपार.

फळी केली त्याच्या पुढच्या वर्षी ते परिपत्रक पुन्हा आलं तेव्हा खिळ्यावर फार काळ टिकलं नाही. मधल्या सुट्टीत शिक्षक माझ्याभोवती जमले, अर्ज कसा लिहायचा म्हणून विचारायला. एकीला बी-बियाणं हवं होतं, एकाला काचेची भिंगं. शेजारच्या चौथीच्या उडिया मास्तरांनी ढोलक मागितला. पाढे तालावर चांगले बसतात, असं त्यांनी लिहिलं होतं. बडे गुरुजींनी आता न घाबरता सगळ्यांवर सही केली. ढोलक आला, आणि ते वर्षभर मी तिसरीला काहीही शिकवत असले तरी टिनाच्या भिंतीपलीकडून सतराचा पाढा यायचा. माझी मुलं मान खाली घालून लिहीत असायची, आणि त्यांचे पाय बाकाखाली तालावर हलत असायचे.