रोहूच्या माद्यांची पेंड

पेंडीचं पोतं कितीही झटका, तळाशी चुरा उरतोच. सोलापुरात पेंड विकता विकता माझ्याकडे किस्से तसेच साठले. बरेचसे गावाबाहेरच्या मत्स्यबीज केंद्रातले. तिथले तरुण साहेब माझं गिऱ्हाईक.

पहिल्यांदा आले ते म्हणाले, "शेठ, शेंगदाणा पेंड द्या. चांगली हवी, माद्यांसाठी आहे."

"म्हशी किती?"

"म्हशी नाहीत हो, रोहू मासे!"

पेंड खाणारा मासा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला!

*

एकदा माल टाकायला गेलो, तर सुया टोचणं चाललेलं. मेलेल्या माशाच्या मेंदूखालची बारीक गाठ काढायची, घोटायची आणि जिवंत मादीला टोचायची. सकाळपर्यंत ती अंडी घालते. राखणदार मल्लप्पा मादी धरून म्हणाला, "बगा सावकार, मेला तरी सुटला न्हाय. मेल्यावर बी ड्यूटी!"

*

मग दुष्काळ पडला. पेंड जनावरांच्या छावण्यांकडे वळली, मासे उपाशी राहून वाळले. साहेबांनी सुयांवर सुया टोचल्या, पण अंडं एक नाही.

"औषध शिळं झालं का?" मी विचारलं.

"सुई नुसता हुकूम देते, शेठ. पोटात अंडी तयारच नसतील तर तो पाळणार कोण? उपाशी शरीर आधी स्वतःचा जीव धरून ठेवतं. अंडी पिकवणारे हार्मोन सोडणंच बंद करतं."

मल्लप्पा म्हणाला, "आमच्या घरात ह्ये कुणी सांगितलं न्हाय की! चार पोरं हायेत, पाचवं वाटंवर."

आम्ही हसलो. मग कुणालाच हसवेना.

*

केंद्र आता नाही. बंद पडण्याआधीचा हा किस्सा.

वरून तंबी आली होती : या पावसाळ्यात बीज निघालं नाही तर केंद्राला कुलूप. म्हणजे मल्लप्पाची नोकरीही गेली. साहेबांनी हातापाया पडून पेंड मंजूर करून आणली. मी पोती पाठवली. तरी मासे वाळलेलेच!

साहेब दुकानात आले. "शेठ, पेंडीत काय मिसळता?"

"चला, तुमच्या गोदामातच बघू!" मी चिडलो.

गोदामाला लागून मल्लप्पाची खोली. दार उघडं. त्याची बायको तव्यावर तिखटमीठ घालून पेंड परतत होती. चार पोरं ताटल्या घेऊन बसलेली.

मल्लप्पा उठून उभा राहिला. "मासं जगतील एवडी टाकतो की साहेब तळ्यात. रोज टाकतो."

पाऊस तोंडावर आला होता. साहेबांनी तव्यावरून नजर काढली आणि दार हलकेच ओढून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "शेठ, पुढची पेंड जरा निवडून पाठवा. खडे असतात."

"माशांना खडे लागतात होय?"

"माशांना नाही लागत."