तळाची संत्री

रंभाबाईंनी तीस वर्षं नागपुरात कळमन्याच्या बाजारात संत्री निवडली. फळ हातात आलं की ते घट्ट आहे की फोपसं, हे त्या न बघता सांगायच्या. फोपसं म्हणजे दिसायला मोठं, पण साल आतून सुटलेली. असं फळ पेटीच्या तळाशी गेलं की दबलंच म्हणून समजा.

यंदा संत्रा मेळाव्यात नुसती फळं रचून मनोरा उभारायचं काम बाईंनी मागून घेतलं. दरवर्षी सजावटवाले थर्माकोलच्या डोंगरावर खिळ्यांनी संत्री ठोकत, ते पाहून बाईंचा जीव तुटायचा. मेळाव्याचे कर्तेधर्ते मधुकरराव, काटोलचे बागवाले, कसेबसे राजी झाले. पण फसलं तर पुढच्या वर्षी पुन्हा थर्माकोलच, हेही त्यांनी बजावलं. निदान खाली मोसंबी लावा, ती टणक असते, असं त्यांनी सुचवून पाहिलं.

"मोसंबीच्या खांद्यावर संत्र्याले काहून बसवून राहिले भाऊ?" बाई म्हणाल्या.

आणि मग या शहाण्या बाईनं काय केलं म्हणता? लोकांची नजर आधी खालच्या रांगेवर जाणार, म्हणून तिथंच सगळ्यात मोठी, देखणी फळं लावली! मिरवायच्या नादात तीस वर्षांची अक्कल गेली वाहून. दुपारी छातीएवढा मनोरा उभा राहिला आणि एका अंगानं बसू लागला. मांडणीच्या स्पर्धेचे परीक्षक चारला येणार होते. मधुकरराव म्हणाले, मागून टेकू देऊ, कुणाला दिसतंय?

बाईंना स्वतःची भारी लाज वाटली. पण टेकू काही त्यांनी लावू दिला नाही.

"चूक माही आहे. मीच उतरवतो," म्हणाल्या आणि शेंड्यापासून एकेक फळ काढायला लागल्या.

या खेपेला तळाशी लहान, घट्ट, डागाळलेली फळं गेली आणि देखणी वर. परीक्षक आले तेव्हा शेंडा रचायचा राहिलाच होता. चव बघायचं फळ मांडणीतूनच घ्यायचं, असा त्यांचा नियम. त्यांनी नेमकं तळाच्या कोपऱ्याजवळचं दाखवलं. मधुकररावांनी डोळेच मिटले. बाईंनी फळ अलगद ओढून काढलं. मनोरा जागचा हलला नाही.

परीक्षकांनी फोड खाल्ली, दुसरी मागून घेतली आणि त्या बिनशेंड्याच्या मनोऱ्याला दुसरा नंबर दिला.

"रंभाबाई," मधुकरराव म्हणाले, "पुढच्या वर्षी तोडणीच्या टायमालेच बागेत या. मनोऱ्याची फळं तुम्हीच झाडावरून निवडा."

बाई हो म्हणाल्या आणि शेंडा पुरा करायला वळल्या. आता मात्र त्यांना रडू आवरेना.