खरं पावणं

कांदेपोह्यांचा वास आला की मला मढ गावातलं ते घर आठवतं. आमच्या युवा कार्यक्रमातून तिथल्या एका मुलीची आळेफाट्याला ट्रॅक्टर दुरुस्ती शिकायला निवड झाली होती, म्हणून मी नि माझा सहकारी ते सांगायला गेलो होतो. "या पावणं, बसा," म्हणत तिच्या वडिलांनी सतरंजी अंथरली, आणि आम्ही काही बोलायच्या आत ती मुलगी नवी साडी नेसून, मान खाली घालून पोहे घेऊन आली. आम्ही मुलाकडचे नव्हतो. मी निवडीचं सांगितलं तशी तिने चटकन वर पाहिलं. "ताई, कधी यायचं?" वडील हळूच म्हणाले, "पोरी, आत जा. खरं पावणं अजून यायचं हायेत." ती आत गेली. आजही कुणी पोहे पुढे केले की मी आधी देणारीच्या डोळ्यांकडे बघते.